रबराचे वार्धक्य

जुन्या कागदपत्रांचे पुडके सोडताना रबरबँडचा राळेसारखा चिकट अंश कागदाला चिकटून बसलेला आपण पुष्कळदा पाहिला असेल. दुसऱ्या एखाद्या पुडक्यावरचा रबरबँड मात्र ताणताच काटकीसारखा मोडतो. ‘रबर वाळले’ असे आपण म्हणतो. पण त्यातून काही निघून गेलेले नसते. उलट हवेतील प्राणवायु त्यात शिरलेला असतो.

ह्या शोधाचा एक धागा आपल्या देशाशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानातील तारायंत्राच्या तारांना गटापर्चाचे वेष्टन असे. गटापर्चा हा रबराचा सख्खा भाऊच. घटक तेच, ठेवण तेवढी निराळी. येथील हवेत ते वेष्टन ठिसूळ होऊ लागले. लंडनमध्ये रसायनशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांनी १८६० च्या सुमारास त्याची परीक्षा केली आणि दोष प्राणवायूचा ठरविला.

हे घडते कसे, ते पाहू. रबराचा रेणू म्हणजे हजारो कड्यांची लांबलचक माळ. प्रत्येक कडीत कर्बाचे ५ व हायड्रोजनचे ८ अणू असतात आणि कर्बाच्या दोन अणूंमध्ये एक दुहेरी बंध असतो. ह्या बंधाशेजारचा हायड्रोजन सैल असतो; ऊन वा उष्णता लागली की तो सुटतो. रिकाम्या जागी प्राणवायु येऊन बसतो व शेजारच्या कडीचा हायड्रोजन हिसकावून घेतो, म्हणजे तेथेही जागा रिकामी झाली! शिवाय अशा रीतीने बनलेली पेरॉक्साइडे पुढे स्वतःच फुटून नव्या ठिकाणी हीच क्रिया सुरू करतात. म्हणूनच बिघाड आधी दिसत नाही आणि मग भराभर वाढतो. माळा तुटल्या की रबर मऊ व चिकट होते. त्या एकमेकींत जखडल्या की कडक होते. वजनाच्या शेकडा एक इतका प्राणवायुदेखील रबराची बहुतेक ताकद हरण करण्यास पुरतो.

१८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना रबर गंधकासह तापविण्याची युक्ती साधली. रबर उन्हाळ्यात पाघळेनासे झाले, पण दुहेरी बंध बहुतांशी तसेच राहिले. वार्धक्य काही टळले नाही. तांब्याच्या संसर्गाने तर ते लवकर येते. तारेवर रबर चढविण्यापूर्वी तिला कल्हई करीत, त्याचे हेही एक कारण.

कारखानदार आता रबरात प्रतिबंधक द्रव्ये मिसळतात. ती प्राणवायूस स्वतः बळी पडतात. टायरमधील काजळी उन्हाचा मारा झेलते. ताणलेल्या रबरास भेगा पाडणाऱ्या ओझोनसाठी टायरमध्ये घालतात त्या एका द्रव्याची कथा मात्र चमत्कारिक आहे. ओझोनशी संयोग होऊन त्यापासून बनणारा पदार्थ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओढ्यांतील कोहो सामन मासे मारतो, असे २०२० साली आढळून आले. तेव्हापासून पर्यायाचा शोध चालू आहे.

घरातील शेकण्याची पिशवी वापर झाल्यावर पूर्ण रिकामी करून सुकवावी आणि घडी न घालता, उन्हापासून व चुलीपासून दूर ठेवावी. घडीच्या जागी रबर ताणलेलेच राहते. उकळते पाणी तिच्यात कधी ओतू नये. वाकविल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर ती टाकूनच द्यावी; फुटली तर भाजण्याचा धोका असतो. गॅसच्या नळीवर वर्ष छापलेले असते. आज स्वयंपाक आटोपल्यावर ते वाचून पाहा. मुदत उलटली असेल, तर नळी वरून धडधाकट दिसली तरी बदलून घ्या.