बुलेटचं तेल नेमकं कुठून गळतं?

जुन्या बुलेटखाली तेलाचा डाग दिसला की गॅरेजमध्ये कुणीतरी ठरलेलं वाक्य म्हणतं: "बुलेट आहे, गळणारच. गळायची थांबली तर समज, तेल संपलं." हे इतक्या प्रेमाने म्हटलं जातं की खोडून काढायचं कुणाला सुचत नाही. पण त्याने गाडीचं नुकसान होतं. गळणं हा गाडीचा स्वभाव आहे असं एकदा मानलं की शोध थांबतो, आणि ज्या कारणाने तेल बाहेर येतं ते आत तसंच राहतं.

आपण बोलतोय ते बिडाच्या सिलिंडरच्या बुलेटबद्दल. 1955 मध्ये इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डने मद्रास मोटर्ससोबत भारतात कंपनी उभी केली. तिथून ही बुलेट या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत, सुधारणा होत होत पण मूळ घडण टिकवून, बनत राहिली. तिचं इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, क्लच आणि प्रायमरी चेनचं चेनकेस तिसरंच. जोड जास्त, म्हणून तेल बाहेर यायच्या जागाही जास्त, एवढं खरं. पण प्रत्येक जागेला तिचं कारण असतं आणि ते सापडतं.

पहिला गैरसमज सगळ्यात महागात पडतो: थेंब जिथे पडतो तिथेच गळती आहे. तेल उतरणीने खाली जातं आणि गाडी चालू असताना वारा त्याला मागे ढकलतो. बुलेटच्या उजव्या अंगाला टायमिंग कव्हरपासून वर हेडकडे एक बारीक पाइप जातो. तो रॉकरना तेल पोचवतो. त्याच्या बोल्टखालचं तांब्याचं वॉशर बसकं झालं की तिथून तेल झिरपतं, सिलिंडरच्या पात्यांवरून ओघळतं, टॅपेटच्या झाकणावर येतं, मग टायमिंग कव्हरच्या कडेने फिरून चेंबरच्या, म्हणजे क्रँककेसच्या, तळाशी थेंब धरतं. मालकाला दिसतं ते चेंबर. मिस्त्री टायमिंग कव्हर उघडून नवं पॅकिंग टाकतो, पैसे घेतो, आणि आठवड्याभरात थेंब पुन्हा हजर. बिचाऱ्या पॅकिंगचा काहीच दोष नव्हता.

म्हणून आधी इंजिन धुवायचं. थंड असताना, कार्ब्युरेटर आणि पॉइंटची बाजू झाकून, डिझेल आणि ब्रशने मळ काढायचा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकू द्यायचं. जुन्या मळावर नवं तेल कधीच वेगळं दिसत नाही. हा भाग टाळला तर पुढचं सगळं अंदाजावर चालतं. सुकल्यावर संशयाच्या जोडांवर साधी टाल्कम पावडर पातळ भुरभुरायची. गाडी काही मिनिटं उभ्यानेच चालू ठेवून टॉर्चने बघायचं. काही दिसलं नाही तर एक छोटी फेरी मारायची, कारण काही जोड इंजिन पुरतं तापल्यावरच तोंड उघडतात. पावडरवर तेलाची ओली रेघ स्पष्ट उमटते. त्या रेघेचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक म्हणजे उगम. खालचे डाग त्या क्षणी विसरायचे.

आता ब्रीदरकडे येऊ. माझ्या मते बुलेटच्या गळतीतला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. 350 बुलेटचा बोअर 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90, म्हणजे पिस्टन खाली येताना दर वेळी सुमारे 346 सीसी हवा चेंबरमध्ये दाबतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर सेकंदाला पन्नास वेळा. सिलिंडर एकच असल्यामुळे हा दाब वाटून घ्यायला दुसरा पिस्टन नाही. ही हवा बाहेर जावी म्हणून ब्रीदर असतो, आणि त्यात चपट्या तोंडाची रबरी झडप असते. ती हवेला बाहेर सोडते, आत येऊ देत नाही. त्यामुळे चेंबरमध्ये दाब साचत नाही, उलट किंचित ओढ राहते आणि तेल जोडांच्या आतल्या बाजूला राहतं. रबर कडक झालं, चिरलं, चिकटलं किंवा नळी चिखलाने बुजली की हीच हवा सापडेल त्या फटीतून तेल घेऊन बाहेर पडते. कुकरची शिट्टी बुजल्यावर वाफ झाकणाच्या रिंगेतून फुसफुसते, तसंच. अशा वेळी एक पॅकिंग बदललं तर दुसरं भिजतं, दुसरं बदललं तर तिसरं. एकाच वेळी तीन-चार जागा ओल्या दिसत असतील तर पान्याला हात लावण्याआधी ब्रीदरची नळी काढून बघा.

नळी आणि झडप चांगली असूनही ब्रीदरमधून धूर आणि तेलाचे फवारे येत असतील तर रिंगा किंवा बोअर झिजला असण्याचा संशय घ्यायचा. पिस्टनच्या कडेने जळालेला वायू खाली उतरतोय, आणि तो ब्रीदरच्या आवाक्याबाहेरचा आहे. तिथे बाहेरून कितीही लिंपलं तरी फरक पडत नाही.

"तेल जरा जास्त असलेलं बरं" हीसुद्धा मनात घट्ट बसलेली समजूत. जुन्या बुलेटमध्ये तेलाची टाकी चेंबरच्याच ओतकामात मागच्या बाजूला असते, आणि पंप तिथून तेल उचलतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल झिरपत क्रँकच्या खोलीत उतरतं. मग मालक तेल मोजायची काडी काढतो, ती कोरडी दिसते, आणि तो पाव-अर्धा लिटर ओततो. गाडी चालू झाली की पंप खालचं तेल परत टाकीत आणतो, आता ते मावत नाही, आणि जादा तेल ब्रीदरवाटे बाहेर फेकलं जातं. मालक म्हणतो, गाडी गळायला लागली. म्हणून पातळी बघायची ती इंजिन काही मिनिटं चालवून, बंद करून, गाडी मधल्या स्टँडवर असताना. उभ्या गाडीची काडी पाहून तेल ओतणं बंद केलं, तर कितीतरी गाड्यांची "गळती" तिथेच मिटेल.

मग येतात सिलिकॉन आणि शेलॅक. जास्त लावलं की जास्त पक्कं, असं वाटतं. प्रत्यक्षात कव्हर आवळताना जादा सिलिकॉन जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही येतं. बाहेरचं बोटाने पुसता येतं. आतलं सुकून तुकडे पडतात आणि जाळीवर किंवा तेलाच्या बारीक वाटेत अडकतात. रॉकरकडे जाणारी वाट अशी तुंबली तर वरचे भाग कोरडे घासतात, आणि त्या खर्चापुढे पॅकिंगचा खर्च काहीच नाही. जोडाचा पृष्ठभाग सपाट असेल तर चांगलं कागदी पॅकिंग पुरतं. सपाट आहे का ते जाड काचेवर ठेवून कळतं. किरकोळ वाक असेल तर त्याच काचेवर पॉलिश पेपर अंथरून कव्हर हलक्या हाताने गोल घासायचं. तांब्याची वॉशरं लालसर होईपर्यंत तापवून गार केली की मऊ पडतात आणि पुन्हा नीट बसतात.

बोल्ट अजून आवळून गळती थांबत नाही. ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि मग लेथवाल्याकडे जावं लागतं. प्रायमरी चेनकेसचं झाकण मधल्या एकाच नटावर आणि कडेच्या रबरी रिंगेवर बसतं. तो नट जीव खाऊन आवळला तर झाकण वाकतं आणि कड अजूनच उघडी पडते. घट्ट तेल टाकण्याचा उपायही फसवा: फट तशीच राहते, फक्त थेंब उशिरा पडतो आणि थंड सुरुवातीला तेल वर पोचायला वेळ लागतो. या इंजिनाला 20W-50 पुरेसं आहे.

खाली पडलेलं तेल कोणतं, हेही विचारायला हवं. इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रायमरी तिघांचं तेल वेगळं, आणि मागच्या चेनला लावलेलं तेल उडून चाकावर पडतं ते चौथं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर थेंब घेऊन बघा. इंजिनचं काळपट आणि जळका वास असलेलं. गिअरबॉक्समधलं जाड, काही गाड्यांत ग्रीस मिसळलेलं. प्रायमरीत तेल आपोआप वाढत असेल आणि क्लच घसरत असेल, तर क्रँकचं डाव्या बाजूचं सील गेलेलं असू शकतं: बाहेर थेंबही दिसत नाही आणि इंजिनचं तेल मात्र कमी होत राहतं.

टॅपेटच्या झाकणाची किंचित ओल सवडीने बघितली तरी चालते. मागच्या टायरवर किंवा ब्रेकच्या ड्रमजवळ तेल पोचत असेल, किंवा दोन फेऱ्यांत काडीवरची पातळी उतरत असेल, तर गाडी त्याच दिवशी उभी करायची.