फ्लेक्सवरची हुशारी

मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना १९८१पासून सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेते. लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, मग कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत. घोकंपट्टीने सुवर्णपदक मिळू नये, अशीच ही रचना आहे. तरी मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत तिचेही क्लास निघाले (निघणारच होते!) आणि पदक मिळालेल्या मुलांचे फोटो फ्लेक्सवर झळकू लागले. खरी काळजी वाटते ती या फ्लेक्सची. पाठीवर थाप पडते ती मुलाने केलेल्या प्रयोगावर नव्हे, तर त्याच्या ‘डोक्या’वर. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सुटल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘छान मेहनत घेतलीस’. पुढे अवघड कोड्यांनी सगळ्यांनाच दमवलं. त्यानंतर हुशार ठरलेल्यांची कामगिरी घसरली आणि आपले गुण सांगताना ते वाढवून सांगण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त निघालं. हुशारी हीच ओळख झाली, की अडणं म्हणजे पितळ उघडं पडणं.

यावर आक्षेप येईल, की नंतरच्या अभ्यासांत असे परिणाम बरेच क्षीण दिसले. खरं आहे, कौतुकाचे शब्द बदलून मूल बदलत नाही. मग प्रतिभा हेच थोतांड आहे का? तसंही नाही. ज्यूलियन स्टॅन्ली यांनी १९७१मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात तेरा वर्षांच्या आसपासची मुलं कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेला बसवली. त्यांत वरचे गुण मिळवणाऱ्यांनी पुढे डॉक्टरेट आणि पेटंट मिळवण्याचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या कितीतरी पट होतं. पण चाळणीला भोकंही असतात. लुईस टर्मन यांच्या १९२१च्या हुशार मुलांच्या प्रसिद्ध पाहणीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ निवडले गेले नाहीत. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. म्हणून चाचणीकडे निकाल म्हणून नव्हे, चौकशीची सुरुवात म्हणून पाहावं. निवड झालेल्यांपुढेही एक प्रश्न असतोच. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांच्या संशोधनानुसार, तेवढ्याच कुवतीचं मूल निवडक मुलांच्या वर्गात गेलं, तर स्वतःला कमी लेखू लागतं. घाटकोपरच्या शाळेतला पहिला नंबर ऑलिम्पियाडच्या तयारीत मधेच कुठेतरी येतो, तेव्हा त्याची बुद्धी आटलेली नसते, शेजारी बदललेले असतात. हे त्याला आधी कुणी सांगतं का? स्टॅन्लींनी चाचणीनंतर मुलांना सत्कार नव्हे, वरच्या इयत्तांचं गणित दिलं. आपल्याकडे निकालानंतरच्या सुट्टीतच पुढच्या स्पर्धेची बॅच सुरू होते.