फुसका बार नव्हे!



सिनेमातला एक प्रसंग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. मारेकरी खिशातून पिस्तूल काढतो, नळीच्या तोंडावर एक लांबट नळकांडे फिरवून बसवतो आणि चाप ओढतो. आवाज येतो, ‘फुस्स’. शेजारच्या खोलीतला माणूस कूससुद्धा बदलत नाही. १९६२ सालच्या ‘डॉक्टर नो’ या पहिल्या बाँडपटात असा प्रसंग आहे, आणि आपल्या हिंदी सिनेमानेही ती युक्ती मनापासून उचलली. मी कविता लिहिणारा माणूस. ‘ठो’, ‘फट्’, ‘फुस्स’ असल्या नादशब्दांशी माझा रोजचा व्यवहार. म्हणून आज या ‘फुस्स’ची जरा झडती घेऊ या.

बंदुकीचा बार निघतो तेव्हा खरे तर एक नव्हे, तीन आवाज होतात. पहिला आणि सर्वांत मोठा, दारूच्या वायूंचा. बाजारात गोटी सोड्याची बाटली फोडताना ‘फट्’ असा आवाज होतो, तो कोंडलेला वायू एकदम सुटतो म्हणून. तोच वायू हळूहळू सोडला तर नुसता ‘स्स्’ होतो. सायलेन्सर हेच काम करतो. त्याच्या पोटात एकामागे एक पडदे असतात, मधे गोळी जाण्यापुरते भोक. गोळी सरळ निघून जाते. मागचे तापलेले वायू मात्र त्या कप्प्यांत अडखळतात, पसरतात, थोडे निवतात आणि मग सावकाश बाहेर पडतात. मोटारसायकलचा सायलेन्सरही याच तत्त्वावर चालतो.

दुसरा आवाज खुद्द गोळीचा. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. रायफलची गोळी ८०० ते ९०० मीटर वेगाने जाते. मालवणच्या बंदरात लाँच वेगाने निघाली की मागे पाण्याची पाचर उमटते आणि ती लाट किनाऱ्यावर येऊन आपटते, हे आपण पाहतोच. आवाजापेक्षा वेगवान गोळी हवेत अशीच पाचर ओढत जाते. ती कानावर आदळली की चाबूक ओढल्यासारखा कडाका ऐकू येतो. हा आवाज गोळीच्या वाटेवर सर्वत्र होतो. नळीच्या तोंडावरचा सायलेन्सर त्याला काहीही करू शकत नाही. तो टाळायचा तर मंद गोळी वापरावी लागते, आणि मग पल्ला व जोर दोन्ही कमी होतात.

तिसरा आवाज लोखंडाचा. पिस्तुलाचा वरचा भाग मागे जातो, रिकामे काडतूस उडते, पुढचे बसते. ही खटखटही लपत नाही.

आता आकडे पाहू. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. कानाला मात्र आवाज साधारण दुप्पट वाटतो. साध्या पिस्तुलाचा बार जवळून सुमारे १६० डेसिबलचा. चांगला सायलेन्सर त्यातले २० ते ३५ डेसिबल कमी करतो. म्हणजे उरतात सुमारे १२५ ते १४०. आपल्याकडे फटाक्याला ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबलची कायदेशीर मर्यादा आहे. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने हे आकडे तंतोतंत शेजारी ठेवता येणार नाहीत. पण सायलेन्सर लावलेली बंदूक कुजबुजत नाही, फटाक्याच्या जातीचा आवाज करते, एवढे त्यातून कळते.

मग सायलेन्सरचा उपयोग काय? कानाला इजा कमी, ज्वाळा कमी, धक्का कमी. आणि बार नेमका कुठून झाला हे ऐकणाऱ्याला चटकन उमगत नाही. सिनेमात रिव्हॉल्वरला सायलेन्सर लावतात, ते तर हास्यास्पद आहे. रिव्हॉल्वरचे फिरते चक्र आणि नळी यांच्यात फट असते. वायू तिथूनच निसटतो. जुने रशियन नागां रिव्हॉल्वर ही फट मिटवायचे, पण तो अपवाद. खरोखर हलक्या आवाजाची शस्त्रे झाली नाहीत असे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ‘वेलरॉड’ नावाचे पिस्तूल केले होते. त्याची गोळी मंद, आणि दर बारानंतर हाताने यंत्रणा ओढावी लागे. त्या शांततेची किंमत ही अशी होती.

‘सायलेन्सर’ हा शब्दच मुळी जाहिरातीतला. अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि ‘मॅक्सिम सायलेन्सर’ या नावाने ते विकले. त्यांचे वडील म्हणजे मॅक्सिम मशीनगनचे जनक. बापाने कान फाडणारी बंदूक दिली, मुलाने तिचे तोंड दाबायचा प्रयत्न केला. आणि गंमत म्हणजे याच मुलाने १९१४ मध्ये अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना उभी केली. आवाज दाबणारा माणूस आवाज दूरवर पोचवण्याच्याही नादी लागला!

आपल्या राज्यातले एक उदाहरण सांगतो. १२ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याची रात्र. वांद्रे पूर्वेला माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वेळी परिसरात फटाके वाजत होते. गर्दीत बार लपवायला सायलेन्सरच लागतो असे नाही. त्याच जातीचा दुसरा आवाज भोवती असला की पुरते. एखाद्या खुनानंतर ‘कुणी काही ऐकले नाही, म्हणजे सायलेन्सरच असणार’ असा निवाडा चहाच्या टपरीवर लगेच होतो. अनेकदा लोकांनी ऐकलेले असते, पण फटाका समजून सोडून दिलेले असते. साक्षीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. ऐकलेला आवाज, त्याची वेळ आणि दिशा पोलिसांना जरूर सांगावी.

आपल्या सिंधुदुर्गात बंदूक परकी नाही. वानर, रानडुक्कर, गवा यांच्यापासून शेती-बागायत राखायला अनेक घरांत परवान्याची बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याची धावपळही आपल्या ओळखीची. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असली की आवाज खाली वाकतो. म्हणून खाडीपलीकडचा बार अंगणात झाल्यासारखा वाटतो. पण जो बार काढतो, त्याच्या कानाचे काय? १४० डेसिबलच्या पुढचा एकच बार कानाला कायमची इजा करू शकतो. नॉर्वे, फिनलंडसारख्या देशांत शिकारी सायलेन्सर वापरतात, त्यामागे हेही एक कारण आहे. आपल्याकडे मात्र १९६२ च्या शस्त्र नियमांनी आवाज दाबणारी साधने प्रतिबंधित शस्त्रांच्या पंक्तीत बसवली. सामान्य परवानाधारकाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

त्याला सोपा, कायदेशीर उपाय आहे: कानावर बसणारे संरक्षक किंवा कानात घालायचे बोळे. नुसता कापूस पुरत नाही. राखण करणाऱ्या माणसाच्या कानात बारानंतर शिट्टी वाजत राहिली तर तो थकवा नव्हे, इशारा आहे. गेलेले पीक पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उभे राहते. गेलेला कान मात्र परत येत नाही.