विहिरींतला दम आणि दर्यांतला श्वास

‘देश’ ह्या शब्दाचा एक जुना अर्थ शहरी बोलण्यांत हल्लीं फारसा ऐकूं येत नाहीं. घाटाखालीं राहणाऱ्यांच्या लेखीं देश म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यापलीकडचें पठार, आणि तेथून उतरून येणारा तो देशावरचा माणूस. ह्या हिशेबानें पाहिलें तर सोलापूर जिल्ह्यांतील, बार्शी तालुक्यांतल्या वैराग गांवचा एखादा तरुण पाठीवर पिशवी टाकून मालवणास निघाला, कीं तो एक देश सोडून दुसऱ्या मुलखांत जातो. वैराग समुद्रसपाटीपासून सुमारें ५०० मीटर उंचीवर. सोलापूर जिल्ह्यांत वर्षाकांठीं सरासरी ५५० मिलीमीटरांच्या आसपास पाऊस, तोहि मनांत आलें तर पडणारा. सिंधुदुर्गांत तोच ३००० मिलीमीटरांच्या वर. पंढरपूर, मिरज, कोल्हापूर करीत घाट उतरला कीं ज्वारीचीं शेतें जाऊन माड दिसूं लागतात, भाकरीच्या जागीं भात व माशांची कढी येते, आणि ‘कुठें’ विचारणारी माणसें ‘खंय’ विचारूं लागतात.

पहिले दोन दिवस शरीराची समजूत घालण्यांत जातात. वैरागचा उन्हाळा कडक खरा, पण कोरडा. तेथें घाम वाळतो, आणि वाळतांना अंगाची उष्णता बरोबर नेतो. मालवणांत पारा खालीं असूनहि हवेंत आधींच इतकी वाफ असते कीं घामाला वाळावयास वावच राहत नाहीं. दुपारीं पडवींत विसावणाऱ्या मालवणी माणसाला आळशी समजणारा पाहुणा तिसऱ्या दिवशीं त्याच पडवींत आडवा झालेला दिसतो.

त्याहून चमत्कारिक वाटते ती भरती-ओहोटी. सकाळीं जेथें होडी तरंगत होती तेथें दुपारीं ओली वाळू! वैरागकडच्या ओढ्याला पूर आला तर वर्षांतून एखादे वेळीं. हें पाणी मात्र दिवसांतून दोनदां चढतें व दोनदां उतरतें, आणि भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते. किनाऱ्यावरच्या जाणत्यांपाशीं ह्याचा सोपा हिशेब आहे. तिथीला तिहींनीं गुणावें, चोहोंनीं भागावें. जो आंकडा येईल त्या तासाच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, त्याचे चौथाई सहा. ठिकाणाप्रमाणें तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो, पण पंचांगावरून समुद्राची वेळ सांगणारी ही युक्ति देशावरच्या माणसानें पाठ करून ठेवण्याजोगी आहे.

मालवणास आलेला माणूस होडींत बसून सिंधुदुर्ग पाहिल्यावांचून राहत नाहीं. कुरटे बेटावरील ह्या किल्ल्याचें बांधकाम शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं सुरू केलें व १६६७ सालीं तें पुरें झालें. तट, बुरूज, महाराजांच्या हातापायांचे ठसे हें सर्व तो पाहतोच. परंतु दुष्काळी मुलखांतल्या माणसाचे पाय खरे थबकतात ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव ह्या विहिरींपाशीं. चहूंकडे खारें पाणी, आणि मध्यें ह्या गोड्या पाण्याच्या विहिरी!

विहीर ही त्याच्या ओळखीची. वैरागच्या बाजूला पोहणें शिकावयाचें तें विहिरींतच. कमरेला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून लहानग्यास पाण्यांत सोडतात. पुढें तो डबा सुटतो, मग कांठावरून मुटका मारणें येतें, आणि शेवटीं बुडी घेऊन तळाची माती मुठींत धरून वर येणें ही तेथील पदवीची परीक्षा. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं ती दिली असेल त्यांना तळापाशीं कान कसे ठणकतात हें सांगावयास नको. ह्या शाळेनें एक धडा अगदीं पक्का करून घेतलेला असतो: खालीं जातांना छाती भरून घ्यावी, आणि वर येईपर्यंत दम सोडूं नये. विहिरीपुरता हा धडा निर्दोष आहे. परंतु किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना पाठीवर हवेचें सिलिंडर बांधून जेथें पाण्याखालीं नेतात, तेथें तोच धडा जिवावर बेतूं शकतो.

ह्याचें कारण हवेच्या स्वभावांत आहे. आपल्या डोक्यावरील हवेचा भार आपण नेहमींच सोसतों. त्यास एक वातावरणाचा दाब म्हणतात. समुद्रांत दर १० मीटर खोलीला तेवढाच भार आणखी चढतो. म्हणजे १० मीटरांवर दाब दुप्पट, २० मीटरांवर तिप्पट. दाब दुप्पट झाला कीं हवेचें आकारमान निम्मे होतें, हा नियम रॉबर्ट बॉइल ह्या शास्त्रज्ञानें १६६२ सालीं प्रसिद्ध केला. आतां विहिरींतला पोहणारा घ्या. त्यानें वरून पांच लिटर हवा छातींत भरून घेतली. १० मीटरांवर ती आक्रसून अडीच लिटर झाली. वर येतांना फुगत फुगत पुन्हां पांच लिटर झाली. जेवढी नेली तेवढीच परत आली. सिलिंडरवाल्याची गोष्ट वेगळी. त्याला तळाशीं जी हवा मिळते ती त्या खोलीच्या दाबाची असते. तेथें त्यानें पांच लिटर हवा घेतली व विहिरींतल्या संवयीनें दम धरून तो वर निघाला, तर पृष्ठभागापाशीं त्याच हवेला दहा लिटरांची जागा हवी. फुप्फुसांत ती जागा नसते. फुप्फुस फाटतें, हवेचे बुडबुडे रक्तांत शिरतात, आणि ते मेंदूकडे गेले तर माणूस पाण्याबाहेर येतां येतांच बेशुद्ध होतो. ह्याला फार खोलीहि लागत नाहीं. छाती पूर्ण भरलेली असतां तशाच बंद छातीनें सव्वा मीटर वर येणेंहि पुरें होतें. ३० मीटरांवरून २० वर येतांना हवा एकतृतीयांशानें फुगते, पण १० मीटरांवरून वर येतांना ती दुप्पट होते; म्हणून जो उथळ थर निर्धास्त वाटतो तोच ह्या बाबतींत सर्वांत दगाबाज.

ह्या विद्येचा पहिला नियम त्यामुळें असा, कीं श्वास कधींहि रोखूं नये. तोंडांत नळी असेतोंवर संथपणें घ्यावा व सोडावा. आणि वर यावयाचें तें मिनिटाला ९ मीटरांहून अधिक वेगानें नव्हे. ऐकावयास हें सोपें. पण मास्कमध्यें घोटभर पाणी शिरलें, नाकाशीं झोंबलें, कीं माणूस घाबरतो, आणि घाबरलेलें शरीर नवें शिकलेलें विसरून जुनें आठवतें: दम धरावयाचा व वर उसळी घ्यावयाची. चांगला पोहणारा येथें नवशिक्याहून जास्त धोक्यांत असतो, हें पुष्कळांना पटत नाहीं. नवशिक्याला निदान विसरावयाचें कांहीं नसतें.

श्वासाबरोबर हवा पुरविणारें हें उपकरण, ज्याला रेग्युलेटर म्हणतात, झाक कूस्तो आणि एमिल गान्याँ ह्या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं १९४३ सालीं सिद्ध केलें. युद्धामुळें पेट्रोलचा दुष्काळ पडला असतां मोटारी गॅसवर चालवाव्या म्हणून गान्याँनें एक झडप बनविली होती. तीच सुधारून पाणबुड्याच्या तोंडाशीं बसविली. श्वास आंत ओढला कीं झडप उघडते आणि भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा येते. म्हणूनच खोलवरहि छातीवर ओझें जाणवत नाहीं.

कानाचें दुखणें मात्र विहिरींतलेंच. पडद्याच्या बाहेर पाण्याचा दाब वाढतो, आंतल्या पोकळींतली हवा आक्रसते, आणि पडदा आंत ओढला जातो. घशांतून कानाकडे जाणारी एक बारीक नळी आहे. नाक चिमटींत धरून हलकेंच हवा रेटली कीं ती उघडते व दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. हें दर मीटराला, आणि दुखूं लागण्यापूर्वीं करावयाचें. कळ सोसण्यांत कसलीच मर्दुमकी नाहीं. पडसें झालेलें असतां ही नळी चोंदलेली असते. अशा दिवशीं कांठावर बसणें हेंच योग्य.

एवढी तयारी करून खालीं उतरलेल्याला काय दिसतें? पाण्यांत नुसत्या डोळ्यांनीं सारें धुरकट. मास्कच्या कांचेमागें हवा असल्यामुळें दृष्टि ठिकाणावर येते, पण प्रत्येक वस्तु तिसऱ्या हिश्श्यानें मोठी व चौथाईनें जवळ भासते. हात लांबवावा तों मासा तेथें नसतोच. तांबडा रंग पहिल्या कांहीं मीटरांतच पाण्यानें शोषून घेतलेला असतो, म्हणून बाजारांत लालबुंद दिसणारी तांबोशी येथें करड्या रंगाची वाटते. खडकांच्या कपारींतून गोबरा टकमक बघत असतो. आणि दगड समजून ज्यावर पाय ठेवावासा वाटतो तें प्रवाळ असतें, म्हणजे असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत. एका पावलानें तिची कित्येक वर्षांची वाढ मोडते. मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटरांचा समुद्री टापू १९८७ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला तो ह्या संपत्तीसाठींच.

पाण्याखालीं बोलतां येत नाहीं. खुणांची भाषा शिकावी लागते, आणि तिच्यांत एक मोठी फसगत आहे. अंगठा वर केला तर आपल्याकडे ‘छान’. तेथें त्याचा अर्थ ‘वर चला’. सगळें ठीक असेल तर अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करावयाचें. मजेंत असलेला पाहुणा आनंदानें अंगठा दाखवितो आणि पहिल्या पांच मिनिटांत होडीवर परत येतो.

हंगाम पावसाळ्यानंतरचा, उन्हाळा संपेपर्यंतचा. हौशी पर्यटकाला सहसा पांच ते दहा मीटरांच्या आंतच, वाटाड्याच्या हाताला धरून नेतात. गर्दीच्या दिवशीं कोठें कोठें दोन मिनिटांच्या सूचनेवर माणूस पाण्यांत सोडला जातो. तेथें पैसे कमी पडत असले तरी उतरूं नये. दमा, हृदयविकार, कानाचें दुखणें आहे काय हें जो आधीं विचारीत नाहीं, आणि उथळ पाण्यांत मास्कमधलें पाणी काढावयास जो शिकवीत नाहीं, त्याच्या हातीं जीव देण्यांत अर्थ नाहीं. ज्याला हा विषय नीट शिकावयाचा असेल त्याच्यासाठीं महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची संस्था जवळच तारकर्लीस आहे.

आणखी एक गोष्ट खास देशावरच्या लोकांसाठीं. हवेचा सुमारें चार पंचमांश भाग नायट्रोजन असतो, आणि दाबाखालीं तो रक्तांत व मेदांत विरघळतो. दाब एकदम कमी झाला तर सोड्याच्या बाटलीचें बूच काढल्यावर जसे बुडबुडे उठतात तसे ते अंगांत उठतात. इंग्लंडांत जॉन हॉल्डेन ह्यांनीं बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं, तीं ह्याचसाठीं. पण पाण्याबाहेर आल्यावरहि उंचावर गेलें कीं दाब कमी होतोच. म्हणून एका बुडीनंतर निदान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानांत बसूं नये, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे, आणि तो सुमारें ६०० मीटरांवरील डोंगरी वाटांनाहि लागू पडतो. वैराग त्या मर्यादेच्या खालीं आहे. आंबोलीचा घाट मात्र सुमारें ६९० मीटरांवर जातो. पांच-सहा मीटरांच्या एकाच बुडीनंतर धोका अल्प असतो हें खरें, तरी दुपारीं दर्यांत उतरून त्याच संध्याकाळच्या गाडीनें घाट चढण्याचा बेत करूं नये. ती रात्र मालवणांत काढून दुसऱ्या दिवशीं जेवण करून निघालें तरी चालतें.