मॉलच्या गच्चीवरचा कूलिंग टॉवर साफ ठेवला नाही तर माणसं कशी दगावतात?

जुलै १९७६. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातलं बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हे नावाजलेलं हॉटेल. ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन तिथं भरलं होतं. दोन हजारांहून जास्त माणसं आली, चार दिवस राहिली आणि आपापल्या गावी परतली.

घरी गेल्यावर काही दिवसांतच एकेक जण तापानं फणफणायला लागला. खोकला, छातीत दुखणं आणि मग न्यूमोनिया. एकूण २२१ जण आजारी पडले, ३४ जण दगावले. विशेष म्हणजे यातले काही जण हॉटेलात गेलेच नव्हते. ते फक्त बाहेरच्या फुटपाथवरून चालत गेले होते.

स्वाइन फ्लू आला, कुणीतरी विषप्रयोग केला, अशा चर्चा सुरू झाल्या. गिऱ्हाईक तुटलं आणि नोव्हेंबरमध्ये हॉटेल बंद पडलं. जानेवारी १९७७ मध्ये ‘सीडीसी’ या सरकारी आरोग्य संस्थेतल्या जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड यांना खरा गुन्हेगार सापडला. तोवर कुणाला माहीत नसलेला एक जिवाणू. लीजनच्या लोकांवरून त्याचं नाव पडलं लीजनेला.

संशयाची सुई गेली हॉटेलच्या एसी यंत्रणेकडे. मग जुनी प्रकरणं उकरली गेली. १९६८ साली मिशिगनमधल्या पॉन्टियाक गावी एका ऑफिसात १४४ जणांना ताप आला होता. एसीच्या कंडेन्सरमधल्या पाण्याचे तुषार हवेच्या डक्टमध्ये शिरत होते. जपून ठेवलेले नमुने तपासले, तर तिथंही लीजनेलाच! आणि ते ऑफिस कुणाचं होतं? चक्क आरोग्य खात्याचं.

आता प्रश्न असा, की एसीत पाणी येतं कुठून?

घरातला स्प्लिट एसी बाहेरच्या युनिटमधून उष्णता थेट हवेत सोडतो. तिथं हा प्रकार नाही, त्यामुळं घरचा एसी बंद करायची गरज नाही. पण मॉल, मोठी हॉस्पिटलं, आयटी पार्क इथं बऱ्याचदा चिलर असतो. तो इमारतीतली उष्णता पाण्याला देतो. हे गरम पाणी पंपानं गच्चीवर जातं आणि कूलिंग टॉवरमध्ये वरून शिंपडलं जातं. पंखा हवा ओढतो, थोडं पाणी वाफ होऊन उडतं, उरलेलं गार होतं आणि परत खाली येतं. माठात पाणी गार होतं, तोच हिशोब.

पण माठ रोज विसळला जातो. टॉवरमधलं पाणी कोमट, वरून धूळ पडतेय, ऊन लागून शेवाळ धरतंय. वाफ झाली की क्षार मागं राहतात आणि त्यांचे थर बसतात. बुळबुळीत थराच्या आडोशाला लीजनेला वाढतो. कोमट पाणी त्याला मानवतं. तिथून बारीक तुषारांवर बसून तो रस्त्यावर येतो आणि कुणाच्या तरी श्वासाबरोबर फुप्फुसात जातो. वयस्कर माणसं आणि सिगारेट ओढणारे यांना धोका जास्त.

मेंटेनन्सवाल्यांचं काम इथं सुरू होतं. क्षार वाढलेलं पाणी थोडं थोडं काढून टाकायचं, नवं भरायचं. क्लोरीन किंवा ब्रोमीनचा डोस सांभाळायचा. टाकीतला गाळ काढायचा. तुषार अडवणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांना ड्रिफ्ट एलिमिनेटर म्हणतात. त्या तुटल्या असतील तर बदलायच्या. लॅबमध्ये पाण्याची तपासणी करायची. त्या रिपोर्टला दहा-बारा दिवस लागू शकतात, म्हणून रिपोर्टची वाट बघत रोजची निगा थांबवता येत नाही.

अडचण अशी, की टॉवर घाण झाला म्हणून ऑफिस लगेच गरम होत नाही. क्षारांमुळं वीजबिल वाढलं की मॅनेजर जागा होतो, जिवाणूंची मात्र तक्रार येत नाही. त्रास होतो तो खालून जाणाऱ्याला, ज्याला त्या गारव्याचा काडीचाही उपयोग नाही.

२०१५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या साऊथ ब्रॉन्क्स भागात हेच झालं. एका हॉटेलच्या टॉवरमुळं आजूबाजूचे १३८ लोक आजारी पडले, १६ जण गेले. शहरात टॉवर किती आणि कुठं, याची पूर्ण यादीच पालिकेकडं नव्हती. त्याच वर्षी कायदा झाला. प्रत्येक टॉवरची नोंदणी आणि चालू असताना दर ९० दिवसांच्या आत लीजनेलाची तपासणी सक्तीची झाली.

बंद इमारतींचा धोका वेगळाच. पाणी साचून राहतं, क्लोरीनचा असर उतरतो. २०२० च्या लॉकडाऊननंतर ऑफिस उघडताना आधी पाण्याची यंत्रणा तपासा, असं सीडीसीनं लोकांना सांगितलं. त्याच ऑगस्टमध्ये अटलांटात सीडीसीनं भाड्यानं घेतलेल्या काही इमारतींच्या पाण्यात लीजनेला सापडला आणि त्या बंद कराव्या लागल्या.