शेराचे कुंपण

पावसाळा सरून चार-पाच महिने लोटले की दख्खनच्या पठारावरील बांधांवर हिरवे असे फारसे काही उरत नाही. गवत वाळून पिवळे पडते, बोरी-बाभळी धुळीने माखतात, आणि विहिरींचे पाणी तळाला जाते. अशा दिवसांतही शेताच्या कडेने एक हिरवी रेघ दूरवर गेलेली दिसते. जवळ जावे तर तिच्यात पान म्हणून शोधूनही सापडत नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, गुळगुळीत, हिरव्या कांड्यांचा तो एक दाट गुंता असतो. हाच शेर. खेड्यातील माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. शहरात मात्र तोच शेर मातीच्या देखण्या कुंडीत बसून ‘पेन्सिल कॅक्टस’ या नावाने विकला जातो, आणि विकत घेणाऱ्याला आपण काय घरी नेत आहोत याची बहुधा कल्पना नसते.

शेर या शब्दाने मराठीत थोडा घोटाळा होतो. ‘शेरास सव्वाशेर’ या म्हणीतला शेर म्हणजे जुने माप; झाडाशी त्याचा संबंध नाही. भारतभर या झाडाला निरनिराळी नावे आहेत. बंगालीत ते लंकासिज, तेलुगूत काडजेमुडु, तर तमिळ आणि मल्याळम भाषांत तिरुकळ्ळी या नावाने ओळखले जाते. यांपैकी शेवटचे नाव जगभर पोहोचले. सतराव्या शतकात मलबारातील डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने तेथील वनस्पतींची सचित्र माहिती जमवून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. या कामी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी विद्वानांनीही साहाय्य केले होते. त्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेले प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला कुतूहलाची वाटेल. पुढे १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा या झाडासाठी त्याने मलबारचा तोच शब्द उचलला. युफोर्बिया तिरुकल्ली हे शेराचे आजचे शास्त्रीय नाव अशा रीतीने अर्धे आपल्याकडचे आहे. झाड मात्र मूळचे आफ्रिकेतले. आपल्या मातीत ते इतके रुळले आहे की त्याला परके म्हणणे आता जड जाते.

शेर हा एरंडाच्या कुळातला. याच कुळात रबराचे झाड येते, आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा बनतो तो कसावाही येतो. पावसाळ्यात वाटेवर उगवणारी, तोडली की पांढरा थेंब गाळणारी दुधी तर शेराच्याच प्रजातीतली, म्हणजे अगदी सख्खी. या प्रजातीत सुमारे दोन हजार जाती आहेत आणि चीक हे त्या सर्वांचे लक्षण. कॅक्टस हे वेगळेच कुळ. त्याचे मूळ घर अमेरिका खंडात आहे. दोघांनीही कोरड्या हवामानात पाने टाकून देऊन खोडात पाणी साठवण्याची युक्ती आपापल्या परीने साधली, म्हणून ते दिसायला जवळचे वाटतात. मराठीत तर दोघांनाही सरसकट निवडुंग म्हणतात. फरक ओळखण्याची साधी खूण चीक ही आहे. फड्या निवडुंग कापला तर पाण्यासारखा बुळबुळीत रस येतो, शेराची कांडी मोडली तर दुधासारखा दाट पांढरा चीक ठिबकू लागतो. मात्र ही परीक्षा गंमत म्हणून घेऊ नये. तिचे कारण पुढे येईल.

पाण्यावाचून हे झाड तगते कसे, हे समजून घेतले की त्याची निगा कशी राखावी हे वेगळे शिकवावे लागत नाही. झाडे अन्न तयार करण्यासाठी हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात. तो आत घेण्यासाठी पानांवरील सूक्ष्म रंध्रे उघडावी लागतात, आणि रंध्रे उघडली की त्यांतून आतील पाण्याची वाफ बाहेर पडते. उन्हात हा व्यवहार फार महाग पडतो. शेराने त्यावर दोन उपाय केले आहेत. त्याची पाने जेमतेम एक-दोन सेंटिमीटर लांबीची असतात. कोवळ्या शेंड्यावर ती येतात आणि लवकरच गळून पडतात. पानांचे काम हिरव्या कांड्या करतात. दुसरा उपाय अधिक चतुर आहे. कांड्यांवरील रंध्रे रात्री, हवा गार असताना उघडतात. त्या वेळी घेतलेला वायू आम्लाच्या रूपाने पेशींत साठवला जातो आणि दिवसा, दारे बंद ठेवून, उन्हाच्या साहाय्याने त्याचे अन्न बनवले जाते. खर्च होणारे पाणी त्यामुळे बरेच कमी होते. अशा काटकसरी झाडाला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालणारा माणूस त्याचे भले करीत नाही, मुळे कुजवतो. कुंडीतला शेर तहानेने मरत नाही. तो मरतो तो बहुधा लाडाने.

आता चिकाविषयी. शेराच्या गुरांना न भिणाऱ्या कुंपणाचे रहस्य या चिकात आहे. झाडाला काटा नाही, तरी शेळ्या-मेंढ्यासुद्धा त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. चिकात दाहक रसायने असतात. त्वचेला लागला तर लाली येते, आग होते, कधी फोड उठतात. पोटात गेला तर तोंड व घसा भाजल्यासारखा होतो, उलट्या व जुलाब होतात. पण खरा धोका डोळ्यांना आहे. फांदी तोडताना चिकाचे बारीक थेंब उडतात किंवा चीक लागलेला हात नकळत डोळ्याकडे जातो. कधी लगेच, कधी काही वेळाने आग सुरू होते. पापण्या सुजतात, डोळ्यांतून पाणी वाहते आणि दिसणे धूसर होते. कित्येकदा पहिल्या काही तासांपेक्षा दुसऱ्या दिवशी त्रास अधिक असतो, कारण डोळ्याच्या बाहुलीवरील पारदर्शक पटलाला इजा झालेली असते. वेळीच उपचार झाले तर बहुतेकांची दृष्टी काही दिवसांत पूर्ववत होते. हयगय झाली, त्यात जंतुसंसर्ग झाला, तर डोळा कायमचा अधू होऊ शकतो.

म्हणून पुढील गोष्ट प्रत्येक घरात माहीत असावी. चीक डोळ्यात गेल्यास डोळा मुळीच चोळू नये. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या संथ धारेने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे. दूध, तूप, मध किंवा कोणत्याही पाल्याचा रस डोळ्यात घालू नये. त्यानंतर बरे वाटो वा न वाटो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि कोणत्या झाडाचा चीक गेला ते आवर्जून सांगावे. त्वचेवरील चीक चिकट असल्याने नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लावून धुवावा. पोटात गेला असल्यास तोंड पाण्याने खळखळून धुवावे, मुद्दाम ओकारी काढू नये आणि दवाखाना गाठावा.

कुंपण छाटण्याचे काम खेड्यांत पुष्कळदा रोजंदारीवरील मजूर करतात. हातात कोयता असतो, डोळ्यांवर काही नसते. साधा संरक्षक चष्मा महाग नसतो, पण तो आणून द्यावा असे काम सांगणाऱ्याला सुचत नाही आणि मागावा असे काम करणाऱ्याला वाटत नाही. वास्तविक छाटणीचे काम ठरवताना मजुरीइतकेच चष्म्याचे आणि हातमोज्यांचेही बोलणे व्हायला हवे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, डोक्यापेक्षा उंच फांदी खालून मान वर करून तोडू नये, आणि काम संपेपर्यंत चेहऱ्याला हात लावू नये.

या चिकाविषयी औषधी समजुतीही पुष्कळ आहेत. चामखीळ, दुखरी दाढ, संधिवात अशा अनेक तक्रारींवर तो सांगितला जातो. ब्राझीलमध्ये तर कर्करोगावरील लोकऔषध म्हणून त्याची ख्याती आहे. आधुनिक संशोधन मात्र सावध करणारे आहे. आफ्रिकेच्या काही भागांत मुलांना होणारा बर्किट लिम्फोमा हा कर्करोग आणि त्याच्याशी निगडित असलेला विषाणू यांच्या वाढीस शेराचा चीक हातभार लावत असावा, अशा दिशेने अभ्यास झाले आहेत. ज्या द्रव्यावर असा संशय आहे ते कर्करोगाचे औषध म्हणून पोटात घेणे किती धोक्याचे, हे सांगण्यास वैद्य लागत नाही.

याच चिकाने एका मोठ्या शास्त्रज्ञालाही मोह घातला होता. प्रकाशसंश्लेषणावरील संशोधनासाठी १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे मेल्विन कॅल्विन यांनी १९७० च्या दशकात, खनिज तेलाचे भाव भडकले असताना, शेरासारख्या चिकाळ झाडांची पडीक जमिनीवर लागवड करून त्यांपासून इंधन काढावे अशी कल्पना मांडली. चिकातील हायड्रोकार्बन द्रव्यांवर त्यांची भिस्त होती. व्यापारी प्रमाणावर ती कल्पना उभी राहिली नाही. तेलाच्या विहिरीची जागा शेराला घेता आली नाही, बांधाची राखण मात्र तो करीत राहिला.

शेराची लागवड बियांपासून क्वचितच होते. नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात. एकाच झाडाच्या फांद्या लावून वाढवलेले कुंपण म्हणजे एका अर्थी अनेक ठिकाणी उभे असलेले एकच झाड असते. त्यामुळे त्याला फळे धरलेली सहसा दिसत नाहीत. फांदी लावणे हाच सोपा मार्ग. हातमोजे व चष्मा घालून निरोगी झाडाची वीतभर लांबीची फांदी धारदार चाकूने कापावी. कापलेले टोक पाण्यात बुडवून चीक थांबू द्यावा. मग फांद्या सावलीत, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी आठवडाभर ठेवाव्यात. हा आठवडा वाया गेला असे वाटून पुष्कळ जण घाई करतात आणि तेथेच चुकतात. जखम सुकून तिच्यावर कोरडी खपली धरली नाही, तर जमिनीत जाताच फांदी कुजते. खपली धरल्यावर ती दोन-तीन बोटे खोल, सरळ उभी लावावी. महिनाभरात मुळे धरतात.

कुंपणासाठी फांद्या हाताहाताच्या अंतराने, पावसाळ्याच्या तोंडाशी लावण्याची रीत आहे. मुरमाड, उताराची, पाणी न धरणारी जमीन शेराला मानवते. काळ्या भारी मातीत पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून तेथे उंच बांधावरच लावावा. पहिले वर्ष जनावरांच्या पायांपासून रोपे जपावी लागतात. एकदा मूळ धरले की वरून पाणी घालण्याची गरज उरत नाही. मोकळे सोडल्यास झाड दोन पुरुष उंचीचे किंवा त्याहूनही मोठे होते. वर्षातून एकदा छाटले तर ते खालपासून दाट राहते. तारेचे कुंपण एका दिवसात उभे राहते आणि जागा कमी अडवते, हे खरे. परंतु ते गंजते, चोरीला जाते, आणि तुटले तर आपोआप भरून येत नाही.

कुंडीतल्या शेराला तळाला मोठे भोक असलेली मातीची कुंडी, निम्मी जाड वाळू मिसळलेली माती आणि दिवसातून निदान चार-पाच तासांचे ऊन एवढे पुरते. उन्हाळ्यात माती पूर्ण सुकल्यावर, साधारण दहा-बारा दिवसांनी पाणी द्यावे. थंडीत त्याहूनही कमी. पावसाळ्यात कुंडी वळचणीला घ्यावी. खत म्हणून वर्षाकाठी ओंजळभर कुजलेले शेणखत खूप झाले. कांड्यांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास ते पिठ्या ढेकूण होत. काडीला ओला बोळा बांधून ते पुसून काढावेत. बुंधा मऊ व काळपट झाला तर मुळे कुजली असे समजावे आणि वरच्या चांगल्या फांद्या कापून नव्याने लावाव्यात. अलीकडे रोपवाटिकांत शेंडे केशरी-तांबडे असलेला एक प्रकार मिळतो. त्याचा रंग थंडीत आणि भरपूर उन्हात खुलतो, सावलीत फिका पडतो. रंग वेगळा असला तरी चीक तोच आहे. रांगते मूल किंवा कुंडी उकरणारे कुत्रे-मांजर असलेल्या घरात तो हाताच्या उंचीवर ठेवू नये. खरे तर ठेवूच नये.

जुने कुंपण काढायचे झाल्यास तोडलेल्या फांद्या ओल्या असताना पेटवू नयेत, कारण त्यांचा धूरही डोळ्यांना व घशाला झोंबतो. त्या ओढ्यात किंवा तळ्यातही टाकू नयेत. या चिकाने मासे मरतात, आणि काही प्रदेशांत मासे पकडण्यासाठी त्याचा उपयोग केला जात असे. ओल्या जमिनीवर पडलेला तुकडा पुन्हा मूळ धरतो. म्हणून फांद्या खडकाळ, कोरड्या जागी पसरून कडक उन्हात पूर्ण वाळू द्याव्यात, आणि तोवर ती जागा मुलाबाळांना दाखवून ठेवावी.