प्रोसेसर झोपला का?

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. काम नसलं की तो झोपतो. झोप हलकी असली, तर चटकन उठतो. पण वीज थोडीच वाचते. झोप गाढ लागली, तर वीज पुष्कळ वाचते. उठायला मात्र किंचित उशीर लागतो.

पण तो खरोखर झोपतो का? आपण तपासून पाहू. संगणक चालवणारी लिनक्स ही प्रणाली १९९१ साली निघाली. ती सर्वांना खुली आहे. ती या झोपेचा हिशेब ठेवते.

संगणक चालू ठेवावा, पण काम देऊ नये. 'पॉवरटॉप' हा प्रोग्राम लावावा. गाढ झोपेचा आकडा मोठा दिसला, की झालं! लहान दिसला, तर कुणीतरी त्याला सारखं उठवत असेल. तान्हं मूल रडत असलं, तर आईला झोप कशी लागेल? तसंच हे. नको असलेला प्रोग्राम बंद करावा, जोडलेलं यंत्र काढावं, आणि आकडा पुन्हा पाहावा. झोप गाढ झाली, म्हणजे बॅटरीही जास्त वेळ पुरते.